जांभूळचा इतिहास कोणी लिहायचा?

ठाणे जिल्ह्यातील लाखो कुटुंबे जांभूळ या गावाचे नाव केवळ एका प्रसंगी ऐकतात. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात दुरुस्तीचे काम निघाले म्हणजे दुसऱ्या दिवशी पाणी येणार नाही, अशी सूचना वर्तमानपत्रात येते. बारवी धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे बदलापूरजवळ येते, तेथे उचलले जाते आणि जांभूळ येथे शुद्ध होऊन अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवलीपासून ठाणे, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरपर्यंत पोहोचते. मराठी, सिंधी, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम अशा अनेक भाषा बोलणाऱ्या घरांच्या नळाला हे एकच पाणी येते. परंतु ज्या गावाच्या नावाने ते ओळखले जाते, त्या गावाला आणि त्याच्या शेजारच्या गावांना स्वतःचा काही इतिहास असेल, असा विचार ते पिणाऱ्यांच्या मनात क्वचितच येत असेल.

हा दोष केवळ शहरवासीयांचा नाही. इतिहास लिहिण्याची जी रीत पडली आहे, तिच्यातच तो आहे. राजघराण्यांचा, किल्ल्यांचा, बंदरांचा आणि नगरांचा इतिहास लिहिला जातो; खेड्याच्या वाट्याला जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये फार तर एखादी ओळ येते. शिवाय खेडे म्हटले की एका जातीचे, एका बोलीचे, एका देवाचे, पिढ्यान् पिढ्या न हललेले लोक, असे एक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. उल्हास नदीच्या खोऱ्यापुरते बोलायचे तर हे चित्र कधीच खरे नव्हते. खेडी शहरात विरघळून जाण्याच्या आजच्या काळात ते तपासून घेतले नाही, तर पुढे ते तपासण्याची साधनेही उरणार नाहीत.

खोऱ्याचा जुना वारसा

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत, वांगणी, बदलापूर असा प्रवास करीत कल्याणला येते आणि पुढे खाडीला मिळते. घाटावरचा माल खाली उतरण्याची आणि समुद्रावरचा माल वर चढण्याची ही प्राचीन वाट होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याणचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रंथकाराने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक असून त्यांचा धर्माध्यक्ष इराणातून नेमला जातो, असे लिहून ठेवले आहे. हे ठिकाण म्हणजे कल्याणच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या नोंदींचा अर्थ सरळ आहे. दूरदेशीचा माणूस या खोऱ्याला दीड-दोन हजार वर्षे परिचित आहे.

वालधुनीच्या काठी उभे असलेले अंबरनाथचे शिवमंदिर याच परंपरेतले आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे मंदिर शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात पूर्ण झाले. त्याच्या भिंतींवरील शिल्पांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. पण मंदिरासाठी दगड फोडणारे, ते वाहून आणणारे, कारागिरांना भात पुरवणारे लोक कोणत्या पाड्यांतून आले, कोणती बोली बोलत होते, यांविषयी तो शिलालेख काही सांगत नाही. शिलालेख राजाचा असतो. गावाचा लेख गावानेच लिहावा लागतो.

गाव म्हणजे कोण?

जांभूळ, वडवली, आंबेशिव ही या भागातील गावांची नावे झाडांशी नाते सांगतात. भात आणि रान यांच्या सीमेवर वसलेल्या या वस्त्यांत कोण राहत होते? खाडीकाठच्या मिठागरांशी आणि भातशेतीशी नाते असलेले आगरी, कुणबी, डोंगराच्या कडेला राहणारे ठाकूर, खैराच्या झाडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून ज्यांना नाव मिळाले ते कातकरी, गावकीची कामे ज्यांच्या माथी मारलेली होती ते महार, कारूनारू, आणि कल्याण-भिवंडीच्या बाजूचे, कोकणी बोलीच घरात बोलणारे मुसलमान, असा हा समाज आहे. ठाण्यात १८७९ साली सभास्थान उभारणारे बेने इस्रायली हेही याच कोकणातले. तेलाच्या घाण्यावर शनिवारी काम बंद ठेवत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले जाई. त्यांची पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून पडली. इस्रायलमध्ये जाऊन स्थायिक झाल्यावरही अनेकांनी ती टाकली नाहीत.

या समाजांच्या रीती वेगवेगळ्या होत्या; पण त्या एकमेकींना अपरिचित नव्हत्या. आगरी घरातील लग्नात धवलारीण ही मान्यवर असे. विधी आणि गाणे यांची सांगड घालणारी ती स्त्री पुस्तकी पुरोहिताच्या जोडीने, कित्येकदा त्याच्याशिवायही, लग्न लावीत असे. ठाकरांची व कातकऱ्यांची बोली मराठीच्या जवळची असली, तरी शहरी शिक्षकाच्या कानाला ती परकी वाटते. शेतात, बाजारात, उरुसात आणि जत्रेत हे सारे एकत्र येत.

तथापि अनेक लोक एकत्र राहत होते, म्हणजे ते समतेने राहत होते, असे म्हणणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेची चाके कशी फिरत आणि कोणाच्या खांद्यावर फिरत, याचे वर्णन आहे. महारांच्या वतनाने त्यांना जमिनीचा तुकडा दिला, पण त्याबरोबर न संपणारी वेठही दिली. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोपर्यंत १९५६ चे धर्मांतर होऊन गेले होते. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी अनेक कुळे जमिनीची मालक झाली. पण ज्यांच्या नावावर कूळ म्हणूनही नोंद नव्हती, त्या कातकऱ्यांना कृषकदिनाने काय दिले? दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचे, हा त्यांच्यातील अनेकांचा क्रम आजही चुकलेला नाही. ही विषमता वगळून लिहिलेला गावाचा इतिहास गोड होईल, पण इतिहास होणार नाही.

आलेले आणि असलेले

१८५६ साली कल्याणच्या पुढे खोपोलीच्या दिशेने लोहमार्ग गेला आणि हे खोरे मुंबईशी जोडले गेले. पुढे १९२० च्या दशकात अंबरनाथला स्वीडिश कंपनीच्या पुढाकाराने आगपेट्यांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने वसाहती उभारल्या. प्रत्येक टप्प्याबरोबर नवी माणसे आली. पण या साऱ्यांहून मोठे स्थित्यंतर फाळणीने घडवले.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारली गेली होती. १९४७-४८ मध्ये सिंध सोडून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या ओसाड बराकींत आश्रय देण्यात आला. त्यांतील अनेकजण कराचीहून बोटीने मुंबईला उतरले होते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून त्याला ‘उल्हासनगर’ असे नाव मिळाले. ज्यांनी सिंधू गमावली, त्यांच्या नगराला उल्हास नदीने नाव दिले. छावणीचे पाच विभाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. पाऊण शतकानंतरही पत्त्यातून तो शब्द गेलेला नाही.

या घटनेला दोन बाजू आहेत आणि दोन्ही सांगितल्या गेल्या पाहिजेत. सिंधी माणसाने घर, शेत, दुकान आणि नदी गमावली. येथे त्याने रित्या हाताने सुरुवात केली, फेरी केली, पापड लाटले, कापड विकले, कारखाने काढले. त्याच्या भाषेला स्वतःचा प्रांत उरला नाही. १९६७ साली तिला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले खरे, पण ती अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, या वादातच एक पिढी गेली आणि मुले इंग्रजी शाळांत गेली. दुसरी बाजू आसपासच्या खेड्यांची आहे. ज्या जमिनींवर छावणी आणि पुढे नगर उभे राहिले, त्या कोणाच्या तरी भाताच्या खाचरांच्या, चराईच्या आणि सरपणाच्या जमिनी होत्या. ज्यांच्या वहिवाटीला कागदाचा आधार नव्हता, त्यांचे नुकसान कोणत्याही खात्यात जमा झाले नाही. निर्वासिताचे दुःख आणि विस्थापिताचे दुःख एकमेकांच्या शेजारी राहत आले. पण एकाच पानावर ते फारसे लिहिले गेले नाही.

तेच बारवीच्या बाबतीत. औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले हे धरण १९७२ च्या सुमारास उभे राहिले. पुढे शहरांची तहान वाढली, तशी त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि आणखी गावे व आदिवासी पाडे पाण्याखाली गेले. पुनर्वसनाच्या कागदांत घरांची संख्या आणि क्षेत्रफळ सापडते. पण गावदेवीचे स्थान कोठे होते, वाटांना काय नावे होती आणि कोणत्या झाडाखाली पंच बसत, हे त्या कागदांत असण्याचे कारण नाही.

सामायिक आणि वादग्रस्त

अनेक समाज एकत्र राहिले म्हणजे काही गोष्टी सामायिक होतात. सिंधी समाजाचा चेटीचंड आणि मराठी घरातील गुढीपाडवा चैत्राच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी येतात. सिंधींचा झुलेलाल हा जलदेवता; त्याचे सिंधमधील उदेरोलाल येथील स्थान हिंदू आणि मुसलमान दोघेही पूजत आले. उल्हास खोऱ्यातील लोकांना असे स्थान अपरिचित नव्हते. मलंगगडावरील हाजी मलंगच्या स्थानी दोन्ही धर्मांचे भाविक जात आले. एका ब्राह्मण घराण्याचा तेथील व्यवस्थेशी पिढ्यान् पिढ्या संबंध राहिला आणि माघी पौर्णिमेला तेथे मोठी गर्दी होते.

परंतु जे सामायिक, तेच वादाचेही कारण होऊ शकते. १९८० च्या दशकापासून त्या स्थानाच्या मूळ स्वरूपावरून चळवळी आणि तणाव झाले आहेत. त्या वादाची बाजू घेणे हा येथे हेतू नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. याच स्थानाशी संबंधित जमिनीच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निकाल दिला. ज्याच्या हाती महत्त्वाचा दस्तऐवज आहे, त्याने तो न्यायालयापुढे ठेवलाच पाहिजे, न ठेवल्यास त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येते, हे तत्त्व त्या निकालाने अधोरेखित केले आणि कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. न्यायालयाने पक्षकाराला जे सांगितले, ते समाजालाही लागू आहे. ‘मूळचे कोण आणि उपरे कोण’ हा प्रश्न जेव्हा चौकात विचारला जातो, तेव्हा उत्तर देण्यासाठी कागद पुढे येत नाहीत, घोषणा येतात. कागद कोणी जपलेच नसतील, तर घोषणेला उत्तर देणार तरी कोण?

युरोपातील एक धडा

असे प्रश्न फक्त कोकणापुरते नाहीत. सर्बियाच्या उत्तरेस वोयव्होदिना हा स्वायत्त प्रांत आहे. तुर्कांची सत्ता मागे हटल्यावर, अठराव्या शतकापासून ऑस्ट्रियाच्या राज्यकर्त्यांनी तेथे निरनिराळ्या लोकांना वसवले. सर्ब, हंगेरियन, जर्मन, स्लोव्हाक, रुमानियन, रुथेनियन अशा लोकांची गावे शेजारी शेजारी, कित्येकदा एकाच गावात वेगळ्या आळ्यांत, वाढली. आजही त्या प्रांतात सहा भाषांना अधिकृत वापराचा दर्जा आहे. कोवाचित्सा हे स्लोव्हाक लोकांचे गाव तेथील शेतकऱ्यांनी काढलेल्या चित्रांमुळे जगभर प्रसिद्ध झाले. कोणत्याही कलाशाळेत न शिकलेल्या या लोकांनी आपली शेते, लग्ने आणि कोंबड्या रंगवल्या आणि २०२४ साली त्या चित्रकलेचा समावेश युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

पण त्याच प्रांतात दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन वस्ती जवळजवळ नाहीशी झाली. काही पळाले, काहींना छावण्यांत कोंडण्यात आले, अनेक मेले. त्यांच्या रिकाम्या घरांत बोस्निया, हर्झेगोव्हिना, मॉन्टेनेग्रो येथून आणलेली कुटुंबे राहू लागली. सिंधमधील रिकामी घरे आणि कल्याणच्या भरलेल्या बराकी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. तेथे गेलेल्या लोकांचाही माग आज काढता येतो, कारण चर्चच्या नोंदवह्यांत जन्म, विवाह आणि मृत्यू पिढ्यान् पिढ्या लिहिले गेले होते. बहुभाषिक गाव टिकेलच, याची हमी नोंदी देऊ शकत नाहीत. गेलेला माणूस कधी येथे होताच, एवढी साक्ष मात्र त्या देतात.

पिंपळे सौदागरचे उदाहरण

महाराष्ट्रातील एक उदाहरण याहून बोलके आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा घरोघर फिरून अभ्यास केला आणि १९१७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे कसे पडले, कर्ज किती, कोणाचे पोट शेतीवर भरते आणि कोणाचे भरत नाही, याचा हिशेब त्यात आहे. आज पिंपळे सौदागर हे पिंपरी-चिंचवडमधील उंच इमारतींचे उपनगर आहे. ते खेडे राहिलेले नाही; पण शंभर वर्षांपूर्वी ते कसे होते, हे कोणीही वाचू शकतो. जांभूळ आणि त्याच्या शेजारच्या गावांवरही शहर चालून येत आहे. त्यांचे खेडेपण संपेल तेव्हा त्यांच्याविषयी असे एखादे पुस्तक हाताशी असेल काय?

हे काम विद्यापीठाने करावे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः त्याची साधने गावातच आहेत आणि ती वाचू शकणारी माणसेही गावातच आहेत. तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्यावर शेताचे स्थानिक नाव लिहिण्याची जागा असते. ही नावे म्हणजे गावाची स्मरणवही आहे. नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका आली आणि सातबारा बंद झाला, की क्रमांक उरतो आणि नाव जाते. फेरफार नोंदवहीत जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, याची तारीखवार कथा आहे. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचे जन्मस्थळ, धर्म-जात, पूर्वीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण लिहिलेले असते. शाळा केव्हापासून कोणाची मुले घेऊ लागली आणि कोणाची मुले मध्येच गळाली, हे त्या रकान्यांतून जितके स्पष्ट दिसते, तितके भाषणांतून दिसत नाही. गावनोंदी जपणाऱ्या कारकुनाच्या हाताखालून रोज इतिहास जात असतो. तो रद्दीत जाऊ न देणे, एवढे केले तरी मोठे काम होईल.

जे कागदावर नाही, ते माणसांजवळ आहे. धवलारिणीची गाणी, कातकऱ्यांचे औषधी झाडपाल्याचे ज्ञान, ठाकरांचे नाच, सिंधी आजीने सांगितलेली प्रवासाची हकीकत, कारखान्यात भरती होण्यासाठी दक्षिणेतून आलेल्या कामगाराच्या पहिल्या चाळीची आठवण, हे सारे सांगणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी दरवर्षी दहा-बारा वृद्धांकडून अशी माहिती त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घेतली आणि शाळेने ती एका वहीत जतन केली, तर दहा वर्षांत त्या गावाजवळ जे साहित्य जमेल, ते कोणत्याही गॅझेटियरमध्ये मिळणार नाही. भ्रमणध्वनीने आवाज मुद्रित करण्याची सोय तर आज जवळजवळ घरोघर आहे.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जातीपातींच्या नोंदी उकरल्याने जुन्या जखमा उघड्या पडतील. परंतु जखम झाकल्याने ती बरी होते, असा अनुभव नाही. कोणत्या वाडीला विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, हे लिहिले गेले तरच आज नळाचे पाणी सर्वांना सारखे येते, या गोष्टीचे मोल कळेल. आणि कोणत्या पाड्याला ते आजही येत नाही, हेही दिसेल. मात्र अशी माहिती गोळा करताना जिवंत व्यक्तीची नाचक्की होणार नाही, ज्याचे त्याने सांगितले ते त्याच्या संमतीनेच लिहिले जाईल, ही मर्यादा पाळली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाचा इतिहास लिहिणारा बहुधा गावातील प्रबळ समाजाचा असतो. तो आपल्या कुळाची थोरवी लिहील आणि बाकीच्यांना तळटीपेत ठेवील. ही भीती रास्त आहे. म्हणूनच हे काम एका लेखकाचे असू नये. वहीचे एक पान आगरी आळीने, एक कातकरीवाडीने, एक बुद्धविहाराने, एक मोहल्ल्याने आणि एक कालपरवा सदनिकेत राहायला आलेल्या कुटुंबानेही लिहावे. पाने परस्परांशी जुळली नाहीत तरी चालेल. परस्परविरोधी साक्षींतून सत्य शोधणे हे इतिहासाचे नेहमीचेच काम आहे. एकच साक्ष असेल तेव्हा मात्र तो फसतो.

नुकतेच आलेल्या कुटुंबाचा समावेश सहेतुक सुचवला आहे. १९४८ साली बराकीत उतरलेला माणूस त्या वेळी उपराच होता. आज त्याचे पणतू उल्हासनगरचे मूळ रहिवासी म्हणवतात आणि तसे म्हणवण्याचा त्यांना अधिकार आहे. येणाऱ्याला स्थान देण्यासाठी असलेल्याला पुसून टाकावे लागत नाही, तसेच असलेल्याचा मान राखण्यासाठी आलेल्याला हाकलावेही लागत नाही. दोघांचीही नोंद एकाच वहीत होऊ शकते.

एक मेला, पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला ग्रामसभा भरवण्याची प्रथा आहे. त्यांपैकी एका सभेत आमच्या गावाची वही या वर्षी सुरू होईल, एवढा ठराव जांभूळच्या किंवा त्याच्या शेजारच्या कोणत्याही गावाने करावा. त्याला मोठे अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही. एक जबाबदार शिक्षक, एक दक्ष कारकून आणि ऐकून घेण्याची तयारी असलेले काही विद्यार्थी पुरेसे आहेत. लाखो घरांना पाणी पुरवणाऱ्या गावाचे नाव केवळ दुरुस्तीच्या सूचनेत राहू द्यायचे की नाही, हे ठरवणे त्यांच्याच हाती आहे.